सतरा नंबरची खुंटी

दोन चाळीस. कड्याखालच्या चिंचोळीत पाणी शिरलं आहे.

सतरा नंबरचा कोट खुंटीवर होता. ओला, पिवळा, बाह्या खाली सोडलेल्या. त्याचं पाणी फळीवर ठिबकत होतं. तो घालून गेलेली बाई मात्र कुठेच नव्हती.

"आल्या म्हणजे आल्या," कोटांच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला. आम्ही त्याला खुंटीराव म्हणतो. "खुंटी भरली की माणूस आलं. बारा वर्षं असंच चालतंय."

"मग माणूस कुठाय?" समोरचा तरुण चिडला होता. "आत्या आहे माझी. एकाहत्तर वर्षांची. ती आली तर आधी आवाज येतो, मग ती येते. इथे कुणाला ऐकू आली?"

त्याची बायको चहाच्या शेडमध्ये बाकावर बसून होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"आत्या पुढे गेल्या," ती म्हणाली. "रस्त्याकडे. पाय मोकळे करते म्हणाल्या."

मी फाटकातल्या टाकीपाशी उभी होते, हातात ब्रश. या जंगलात शिरणाऱ्या आणि इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे बूट मी धुते. चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. तळवे राहतात.

"त्या बाई आल्याच नाहीत," मी म्हणाले.

उद्यानाचे साहेब वळले. "तुला काय माहीत गं, टाकीवाली?"

"कोट आलाय साहेब. बूट आले नाहीत."

फाटकावरची पाटी

(अक्षर माझं आहे. रंगाचा डबा घेऊन शिडीवर चढायला दुसरं कुणी तयार नव्हतं.)

*पावसाचे कोट खिडकीवर मिळतील. कोटाचा नंबर आणि तुमची वाट वहीत लिहिली जाईल.*

*शेंड्याची वाट: पाचच्या आत परत या.*

*किनाऱ्याची वाट: उधाणाच्या दिवशी दीडच्या आत परत या. अडीचला कड्याखालच्या चिंचोळीत पाणी शिरतं. मग वाट उरत नाही.*

*बूट धुतल्याशिवाय आत नाही. बूट धुतल्याशिवाय बाहेर नाही.*

*आतलं काही बाहेर नाही. बाहेरचं काही आत नाही.*

पाटीवर लिहिलेलं नाही ते असं: चार वर्षांपूर्वी पायथ्याच्या उतारावरची एकतीस झाडं मूळकुजीनं उभ्या उभ्या वाळली. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारी झाडं. हा रोग मातीतून येतो, नखाएवढ्या मातीतून. तो कुणाच्या बुटातून आला ते समजू शकलं नाही, असं अहवालात आहे.

आज उधाण होतं. पूर्ण भरती पाच पन्नासला.

उत्तरं

(प्रश्न गाळले आहेत. सगळ्यांना एकच होता: त्यांना शेवटचं कुठे पाहिलंत? साहेब तोंडांकडे बघत होते, मी पायांकडे.)

खुंटीराव: "मी नंबर बघतो. एक वीसला सतरा आला. बाईच होती, टोपी नाकापर्यंत ओढलेली, कोटातून धार लागलेली. दीडला वही बघितली. किनाऱ्याचे सगळे कोट हजर, म्हणून किनाऱ्याच्या वाटेला कुलूप घातलं. तोंडं बघायचा पगार मला मिळत नाही, साहेब. काय? हो, तेवीसची खुंटी रिकामी आहे. पण तो कोट या वहिनींचा, आणि त्या तर इथे समोर चहा पितायत. द्यायचा विसरल्या असतील. काय वहिनी?"

भाचा: "सकाळी इथेच, फाटकात. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिनं किनारा लिहिला, आम्ही शेंडा. तिच्या खांद्याला पिशवी होती. मी म्हटलं दे, मी धरतो. तर खेकसली. दुधाची बरणी धरावी तशी सरळ धरून होती दोन्ही हातांनी. नाही, भांडण कसलं? आईच्या माघारी तिनंच वाढवलं मला. भांडायला सोय आहे का तिच्याशी?"

वाटाड्या: "मी यांच्याबरोबर शेंड्यावर होतो. वहिनी अर्ध्यातून परतल्या, दम लागला म्हणून. तिथून गेटकडे सरळ उतार आहे, लहान पोरही चुकणार नाही. आत्याबाईंना मी बघितलंच नाही. मात्र सकाळी त्यांनी मला एक विचारलं होतं, किनाऱ्यावर गर्दी असते का हो? मी म्हटलं, दीडला शिट्टी वाजली की कुत्रंसुद्धा नसतं."

भाचेसून: "इथेच. सांगितलं ना. पुढे गेल्या. रस्त्याकडे."

हे सांगताना ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तीनला तीन मिनिटं कमी होती.

तीन दहा. पाणी वाळूवर आहे.

"तू टाकी सोडून कुठे गेली होतीस का?" साहेबांनी मला विचारलं.

खोटं बोलता आलं असतं.

"एक दहा ते एक पंचवीस. औषधाचं पाणी कालवायला, मागच्या खोलीत."

"आणि सतरा नंबर आला एक वीसला." साहेबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे तू नसताना बाई आल्या, आपले आपण बूट धुतले आणि गेल्या. झालं की."

"बघते," मी म्हणाले.

टाकीच्या तळाशी चाळणी असते, बुटांचा चिखल तिच्यात पडतो. पाणी कालवायला जाण्याआधी मी ती रिकामी केली होती. नंतर दोन वाजेपर्यंत कुणी फिरकलं नव्हतं, आणि हा भाचा आणि वाटाड्या आले तेव्हा त्यांचे बूट मी बाजूच्या घमेल्यात घासले होते. चाळणी उचलली. तिच्यात मूठभर राखाडी वाळू होती.

शेंड्याच्या वाटेवर काळी माती आहे, कुजलेल्या पानांची. राखाडी वाळू फक्त किनाऱ्यावर.

"बघ," साहेब म्हणाले. "किनाऱ्यावरून आल्या, पाय धुतले, गेल्या. आता रस्त्यावर बघू. फाट्यावर बस थांबते, बसल्या असतील एखाद्या बसमध्ये. म्हातारी माणसं रुसली की जातात कुठेही."

जीप भाच्याला घेऊन रस्त्याकडे गेली. समुद्राकडे पाठ करून.

मी चाळणी हातात धरून उभी राहिले. वाळू खोटं बोलत नाही. मग मीच चुकत असेन. पण मला ते बूट आठवत होते. तपकिरी, चामड्याचे, डाव्या टाचेला टायरचा तुकडा ठोकलेला. त्याच्या खाचेत गवताच्या बिया रुतल्या होत्या आणि मी खिळ्यानं एकेक उपसून काढली होती. तेवढा वेळ बाई माझ्या डोक्यावर हात टेकवून एका पायावर उभ्या होत्या. "काय गं, माझ्या आईनं कधी माझे दात असे घासले नाहीत," म्हणाल्या होत्या.

ती बाई आपले आपण बूट धुऊन, मला न भेटता जाईल?

जाईलही. मला माणसं कुठे कळतात.

तीन पंचवीस. अजून वाळूवर, पण वाळू कमी उरली आहे.

सकाळची आणखी एक गोष्ट.

बूट घासताना बाईंनी पिशवी टाकीच्या काठावर ठेवली होती. त्या गेल्यावर पाण्यावर चार पांढरे दाणे तरंगत होते, ज्वारीपेक्षा बारीक. थर्माकोल असेल म्हणून मी ते जाळीनं काढून डबीत टाकले. जे ओळखता येत नाही ते मी फेकत नाही.

आता डबी उघडली. एक दाणा चिमटीत दाबला, त्याचं पीठ झालं. थर्माकोल दबतो, त्याचं पीठ होत नाही.

माझ्या बहिणीच्या गॅलरीत कुंड्या आहेत. माती भुसभुशीत राहावी म्हणून ती असे पांढरे दाणे मिसळते, पिशवीनं विकत मिळतात.

कुंडीची माती. माझ्या टाकीवरून, माझ्या डोळ्यांदेखत आत गेलेली.

 पिशवी सरळ का धरली होती ते आता समजलं. आत रोप होतं. गर्दी नसलेला किनारा का हवा होता तेही. आणि जिला एवढं चोरून काही करायचंय, ती बाई काम न करता दीडच्या आत कशाला परत येईल?

मग चाळणीतली वाळू कुणाची?

मी चहाच्या शेडमध्ये गेले आणि भाचेसुनेच्या पुढ्यात खाली बसले. फरशीवर, तिच्या पायांशी.

तीन तीस

"मावशी, काय करताय?"

"पाय पुढे कर, पोरी."

तिचे बूट नवे होते. तळवे स्वच्छ, घाईनं का होईना, धुतलेले. पण नवशिके लोक नाडीची भोकं विसरतात. मी खिळा घातला. भोकातून राखाडी वाळू सांडली माझ्या तळहातावर.

"तू शेंड्यावर गेली होतीस ना?"

तिनं पाय मागे घेतला.

"सतरा नंबरचा कोट किनाऱ्याचा, त्याची वेळ दीडची," मी म्हणाले. "तेवीस नंबर शेंड्याचा, त्याची वेळ पाचची. खुंटीराव तोंडं बघत नाही, हे इथे एक तास बसलं तरी कुणालाही समजतं. अर्ध्या वाटेतून तू थेट फाटकात आलीच नाहीस, खाली दोन वाटा फुटतात तिथून चिंचोळीतून किनाऱ्याकडे गेलीस. तुझा तेवीस त्यांना दिलास, त्यांचा सतरा घालून एक वीसला तू परत आलीस. किनाऱ्याचे सगळे कोट हजर झाले, कुलूप लागलं. आता पाचपर्यंत कुणी शोधणार नाही त्यांना. आणि शोधायला निघालेच, तर तू रस्त्याकडे पाठवायचं."

"मला तीनपर्यंतच गप्प राहायचं होतं," ती पुटपुटली.

"तीन वाजून गेले."

"येतील त्या. म्हणाल्या, रस्ता माहितीये मला." तिची हनुवटी वर होती. "लग्नाला आठ महिने झाले. घरात मी काही केलं की त्यांचं एकच, राहू दे, मी बघते. आज पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं. यांनाही सांगू नकोस म्हणाल्या. मी नाही कसं म्हणू? आणि धोका काहीच नव्हता, मावशी. चिंचोळीतून यायचंच नव्हतं त्यांना. किनाऱ्यावरून वर जुन्या पायऱ्या आहेत ना, त्या चढून शेंड्याच्या वाटेला लागून—"

"कुठल्या पायऱ्या?"

"दगडी. कातळात कोरलेल्या. चाळीस वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आल्या होत्या तेव्हा त्याच पायऱ्यांनी..."

मी वाटाड्याकडे बघितलं. त्यानं हातातला कप खाली ठेवला.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या पायऱ्या तीन पावसाळ्यांपूर्वी कोसळल्या."

तीन बत्तीस

अर्ध्याच कोसळल्या. वरच्या. खालून बघणाऱ्याला पहिल्या अकरा पायऱ्या अजून धडधाकट दिसतात.

चार पस्तीस. पाणी पाचव्या पायरीवर असणार.

साहेबांना वायरलेसवर सांगितलं. "होडी?" मी विचारलं. "उधाणात त्या खडकांत होडी घातली तर होडीलाच शोधायला जावं लागेल," ते म्हणाले आणि जीप वळवली.

आम्ही वाट बघितली नाही. पुढे वाटाड्या, खांद्यावर दोराचं वेटोळं, मागे भाचेसून, तिच्या मागे मी. वरून जुन्या पायऱ्यांच्या तोंडाशी पोचायला तासाची चढण. निघताना मी तिघांचे बूट टाकीत बुडवायला लावले.

"मावशी, आत्ता?" ती किंचाळली.

"आत्ताच," मी म्हणाले. दहा सेकंद गेली. ती दहा सेकंद मी पूर्ण वाटभर मोजत होते. बाई वाहून गेली तर याच दहा सेकंदांत गेली असं मला आयुष्यभर वाटणार, हेही माहीत होतं.

झाडांमध्ये वारा नव्हता. पानांवरून पाणी गळत होतं आणि खालून लाटांचा आवाज येत होता. एका वळणावर तो दूर वाटला. पुढच्या वळणावर पायाखाली.

चालता चालता तिनं उरलेलं सांगितलं. आत्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्या सहलीत परतताना त्यांनी पोरांच्या दप्तरांची झडती घेतली होती, कुणी रानातलं काही तोडलंय का बघायला. दोघांना छड्या मारल्या होत्या. आणि स्वतःच्या जेवणाच्या डब्यात ओल्या रुमालात गुंडाळून एक नेचा घरी नेला होता. गोडं पाणी झिरपतं त्या कातळावरचा, समुद्राचे तुषार खाऊन वाढणारा. चाळीस वर्षं तो त्यांच्या न्हाणीघराच्या खिडकीत जगला. आता त्यांना तो जिथला तिथे ठेवायचा होता.

"ते दोघं मुलगे अजून झोपेत दिसतात म्हणाल्या."

पायऱ्यांच्या तोंडाशी झुडपं माजली होती. वाटाड्यानं ती बाजूला केली. खाली कडा सरळ तुटलेला. तीन पुरुष उंचीइतक्या खोल, तुटक्या पायरीवर, पिवळा ठिपका. पाठीवर तेवीस.

ठिपका हलत नव्हता.

"आत्या!" सून ओरडली.

लाट आली. पांढरा फेस ठिपक्यावरून गेला. फेस ओसरला.

"ओरडू नकोस!" खालून खणखणीत आवाज आला. "बहिरी नाहीये मी. थंडीनं मेलेय फक्त!"

पाच दहा. पाणी अकराव्या पायरीवर, गुडघ्यापर्यंत.

वाटाड्यानं झाडाला दोर बांधला आणि तो खाली उतरला. आम्ही दोघी वर सगळा भार टाकून दोर धरून राहिलो. जीप सोडून धावत आलेले साहेब आणि भाचा पोचले तेव्हा माझे तळहात सोलले होते.

"पिशवी टाका, आत्याबाई!" खालून वाटाड्या ओरडत होता. "दोन्ही हातांनी दोर धरा!"

"आधी पिशवी वर जाईल. मग मी."

"अहो लाट येतेय!"

"मग लवकर ओढायला सांग!"

पिशवी आली. मग आत्या आल्या. भाच्यानं त्यांना काखेत धरून वर घेतलं आणि तिथेच चिखलात बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

"गाढवा," आत्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते. "रडतोस काय? त्या पोरीला कोट दे तुझा, भिजलीये ती." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तीनपर्यंत सांगितलं होतं मी. साडेतीनपर्यंत टिकलीस. घट्ट आहेस." आणि तिचा हात धरला तो फाटक येईपर्यंत सोडला नाही.

साहेबांनी पिशवीकडे बोट दाखवलं. "यात रोप आहे? लावलंत कुठे? सगळं उपटून जाळावं लागेल, बाई. कातळ धुवावा लागेल. तुम्हाला कल्पना आहे का—"

"लावलं नाही."

"म्हणजे?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, त्यांनाही माझा चेहरा लक्षात नसेल. पण होता.

"त्या झिरपत्या कातळाखाली तासभर बसले मी, डबा मांडीवर घेऊन. दोरी सोडायला हात होईना. ही बाई सकाळी माझ्या टाचेतून एकेक बी खिळ्यानं काढत होती. एवढं माझं कुणी कधी... आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला फसवत उभी. मग पाणी आलं. मग पायऱ्या संपल्या." त्या थोडं हसल्या. "झाकण उघडलं नाही गं मी. बघ. गाठ तशीच आहे."

मी पिशवीतून डबा काढला. जुना, पत्र्याचा. झाकणाला सुतळी, सुतळीला पक्की गाठ. कडेनं एक हिरवं टोक बाहेर डोकावत होतं. गाठ खरंच तशीच होती.

मी डबा उचलला तेव्हा तळाशी बोट लागलं. तिथे भोक होतं. असणारच. चाळीस वर्षं ज्यात रोप जगतं त्याला पाणी जायला भोक पाडावंच लागतं.

माझ्या तळहातावर एक पांढरा दाणा पडला.

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या सगळ्यांत जास्त.

मी अंगठा भोकावर दाबून धरला.

"बघितली गाठ," मी म्हणाले. "पक्की आहे."

दुसरा दिवस. ओहोटी.

डबा दुहेरी पिशवीत बांधून, मेणानं बंद करून, आत्यांबरोबर परत गेला. तो कुठे राहील याबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही. साहेब म्हणाले, आला तसा जाऊ दे. खुंटीराव आता प्रत्येकाला टोपी काढायला लावतो आणि लोक वैतागतात.

भोकाचं मी साहेबांना रात्रीच सांगितलं. आत्यांना सांगितलं नाही, सांगणारही नाही.

दुसरंही सांगितलं, चार वर्षं पोटात ठेवलेलं. झाडं वाळायच्या आधी एका दिवशी टाकी कोरडी होती, पाण्याचा पंप बंद होता, आणि रांगेत पाच जण खोळंबले होते. मी म्हटलं होतं, "जाऊ द्या हो, एवढ्यानं काय होतंय." अहवालात जे समजू शकलं नाही ते हे. साहेबांनी किनाऱ्याच्या कुलपाची किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "उद्या किनाऱ्याची वाट बंद ठेवतो. तुला किती वेळ लागेल?"

आता सकाळचे सात वाजलेत. मी गुडघ्यांवर आहे, हातात चिमटा आणि डबी, शेजारी औषधाच्या पाण्याची बादली आणि ब्रश. फाटकापासून झिरपत्या कातळापर्यंत दोन हजार सहाशे पावलं आहेत. बाई ज्या बाजूनं चालल्या ती उजवी, पिशवी उजव्या खांद्याला होती. समुद्रानं जे नेलं ते नेलं, त्यात रोग टिकत नाही म्हणतात. उरलेलं माझं.

टाकीत चार सापडले होते. हातावर एक. वाटेवर आत्तापर्यंत नऊ.

दहावा आहे की नाही, ते पुढच्या पावलावर कळेल. मी ब्रश ओला करते आणि गुडघा पुढे टाकते.